अर्ध्यावर तोडलेलं गाऱ्हाणं

मला एका जागी बसवत नाही. आजचं नाही हे, जन्मापासूनचं आहे. जेवताना मी अर्ध्या भाकरीवर उठायचे, पाणी प्यायचे, अंगणात एक चक्कर मारायचे आणि मग उरलेली भाकरी खायला यायचे. शाळेत बाई मला सारख्या काही ना काही आणायला पाठवायच्या, कारण मी बाकावर बसले की शेजारणीचंही लक्ष लागायचं नाही. 'हिच्या पायाला भिंगरी आहे' असं वाडीतले सगळे म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत.

या भिंगरीची खरी परीक्षा वर्षातून एकदा व्हायची, राखणीच्या दिवशी. आमच्याकडे, लांज्याच्या बाजूला, प्रत्येक बागेला एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण असतो. देवदिवाळी झाली की बागेच्या वरच्या टोकाला, ऐनाच्या झाडाखालच्या दगडापाशी जाऊन त्याला वर्षाचा नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे त्याच्यापुढे उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांच्या वतीने सांगायचं आणि मागायचं. एकाने बोलायचं, आणि तो थांबला की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

शेजारचे काका त्यांच्या बागेत चार वाक्यांत उरकत. बाबांचं तसं नव्हतं. बाबा राखणदाराला वर्षभराची खबर द्यायचे. कुठलं कलम वाळलं, कुठल्या गाईचे दिवस भरत आलेत, कुणाचा गुडघा सुजलाय, मुंबईला कुणाची नोकरी टांगणीला लागलीये, कुणाची परीक्षा आहे, हे सगळं नीट, न गडबडता. मी या पायावरून त्या पायावर करत नारळाकडे बघत उभी असायचे. बाबांनी लवकर आटपावं म्हणून त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी 'व्हय म्हाराजा' ठोकून द्यायचे. बाबा थांबायचे, माझ्याकडे बघायचे, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

नारळ फुटला की सगळे खोबरं चघळत उताराने खाली यायचे. सगळ्यांत मागे बाबा. मी अर्थात सगळ्यांत पुढे. एकदा मी अर्ध्या वाटेवरून ओरडून विचारलं, तुम्ही नेहमी मागे का? तर म्हणाले, "गाऱ्हाणा घालणाऱ्यान मागं ऱ्हायाचं असतं बाय. कोण ऱ्हायलं नाय ना, बघायला." मला ते म्हाताऱ्या माणसाचं हळू चालण्याचं निमित्त वाटलं. तेव्हा बाबा चाळिशीचेसुद्धा नव्हते.

तिशी ओलांडल्यावर मी आयर्लंडला गेले. समुद्राकाठचं एक बेताचं शहर, आणि त्यात औषधांच्या कंपनीची प्रयोगशाळा. माझं काम काय, तर कोमट पाण्यात गोळी टाकायची आणि ती किती वेळात विरघळते ते बघायचं. जिला घरात भाकरी पुरी होईपर्यंत बसवत नव्हतं, तिला नशिबाने गोळी विरघळेपर्यंत थांबायची नोकरी दिली. मी तिथे घड्याळाकडे इतकं बघायचे की बरोबरीचे हसायचे.

कामावरून घरी आले की आणखी कठीण. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं. फोनवर बोलताना, भात शिजताना, काहीच करायचं नसताना मी ती अकरा पावलं चालत राहायचे. बाहेर पाच वाजताच अंधारायचं आणि पाऊस धड पडायचाही नाही, थांबायचाही नाही. तीन महिन्यांनी दाराखालून एक चिठ्ठी आली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी अतिशय सभ्य भाषेत विचारलं होतं की संध्याकाळी तुमच्याकडे कुणी फेऱ्या मारतं का, आणि मारत असल्यास सर्व ठीक आहे ना. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग मी पलंगाच्या कडेवर बसून थोडी रडले. त्यानंतर उठून पुन्हा फेऱ्या मारल्या, फक्त मोजे घालून.

कपडे धुवायच्या दुकानात मला तो कागद दिसला. दर शनिवारी सकाळी नदीकाठी धावायला या, वेगाची अट नाही, नंतर कॉफी. मी तो दोनदा वाचला. आमच्या वाडीत धावतं कोण? दावं तोडून गाय सुटली तर, एसटी सुटत असेल तर, नाहीतर कुणी गेलं तर. वीस माणसं ठरवून, बूट बांधून, कारण नसताना धावतात आणि शेवटी जिथून निघाली तिथेच परत येतात, हे मला आईला सांगताही आलं नसतं. पण खालच्या बाईंची चिठ्ठी अजून पर्समध्ये होती. शनिवारी गेले.

रिमझिम चालू होती. पुलाजवळच्या बाकापाशी माणसं जमली होती. बाकावर एक साठीच्या बाई चढून उभ्या होत्या. डोक्यावर लाल लोकरी टोपी, आवाज खणखणीत. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, हे मला नंतर कळलं. मला वाटलं आता शिट्टी वाजेल आणि सुटायचं. कसलं काय. बाईंनी बोलायला सुरुवात केली.

त्यांनी सांगितलं, आज पलीकडच्या वळणावर पाणी साचलंय, तिथे शेवाळ आहे, जपून. अमका गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदा आलाय, त्याच्याशी कुणी शर्यत लावू नका. तमकीला नातू झालाय. एक जोडपं दुसऱ्या गावी राहायला गेलं, त्यांनी सगळ्यांना आठवण सांगितलीये. आज दोन नवे चेहरे आहेत, त्यांची नावं विचारून घ्या. मी एका जागी उड्या मारत होते, पायात नुसत्या मुंग्या. आणि बाई प्रत्येक गोष्ट सांगून झाली की आवाज खाली आणून जरा थांबत होत्या. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं, पण माझ्या डोक्याच्या आधी ते माझ्या तोंडाने ओळखलं. बाई शेवटी म्हणाल्या, "आणि मी नेहमीप्रमाणे सगळ्यांत मागे आहे. जो मागे पडेल तो माझ्याबरोबर असेल. कुणी राहणार नाही." आणि थांबल्या.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले.

अगदी राखणीच्या आवाजात. बेंबीच्या देठापासून. वीस डोकी वळली, एक कुत्रं भुंकलं. नदीत उडी मारावी असं मला वाटलं. त्याऐवजी मी धावत सुटले, आणि रस्ता माहीत नसल्यामुळे पहिल्याच वळणावर चुकले. मागून लाल टोपी आली तेव्हा मी शेवाळात उभी होते.

कॉफी पिताना सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं की मी काय ओरडले. मी सांगितलं, आमच्या गावात एक माणूस सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागतो, आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. म्हणजे त्याच्या मागण्याखाली सगळ्यांनी सही करायची. लाल टोपीने विचारलं, "मग आज मी कुणाकडे मागितलं?" मी म्हटलं, "रस्त्याकडे असेल." त्या खूप हसल्या. पुढच्या शनिवारी बोलणं संपवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, भुवया उडवल्या, आणि वीस आयरिश तोंडांतून 'ओय माराजा' निघालं. मग ते कायमचंच झालं.

हे बाबांना सांगावं की नाही, यावर मी दोन आठवडे काढले. देवाच्या शब्दाची थट्टा केली म्हणून रागावतील अशी धास्ती होती. शेवटी एका शनिवारी धावून आल्यावर फोन लावला. तिकडे दुपारची झोप काढून ते चहा पीत असायचे. मी सगळं सांगितलं. पलीकडे नुसता चहाचा फुरका ऐकू आला.

मग म्हणाले, "त्या बायेन काय काय बोल्लान? नीट सांग."

मी सांगितलं. पाणी, शेवाळ, गुडघा, नातू, गावाला गेलेले, नवे चेहरे.

"नातवाचा आधी सांगितलान का गुडघ्याचा?"

"गुडघ्याचं."

"मग ठीक हाय. दुखणं आधी सांगायचं असतं. आणि शेवट?"

"शेवटी म्हणाल्या, मी सगळ्यांत मागे आहे, कुणी राहणार नाही."

पलीकडे बशीत कप ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जाणकार बाय हाय." आणि त्यानंतर दर शनिवारी त्यांचा तोच प्रश्न, आज बाई काय बोलल्या? मीच मुळी ते नीट ऐकायला लागले, कारण चारच्या चहाला हिशेब द्यायचा असायचा. माझ्या आणि बाबांच्या बोलण्यात तोवर जेवलीस का, थंडी आहे का, यापलीकडे काही उरलंच नव्हतं. आता त्यांना गुडघेवाल्याचा गुडघा कसा आहे याची चौकशी असायची.

मी मात्र होते तशीच होते. धावताना कायम पुढे. कॉफीला बसले तरी कप अर्धा झाला की उठायचे. लाल टोपी म्हणायच्या, अगं, कपात अजून आहे. मी म्हणायचे, काम आहे. काम काही नसायचं. घरी जाऊन अकरा पावलांच्या फेऱ्या मारायच्या असायच्या.

दुसऱ्या वर्षी राखणीच्या दिवशी बाबांनी हट्ट धरला की मी फोनवर का होईना, हजर राहावं. व्हिडिओ कॉल लावला होता काकांनी. बागेच्या वर सड्याच्या, म्हणजे उघड्या माळाच्या, कडेला रेंज चांगली येते. तिकडे दुपारचे चार, माझ्याकडे सकाळचे साडेदहा. प्रयोगशाळेत गोळ्या पाण्यात होत्या आणि मी दाराबाहेर उभी होते. काकांनी फोन धरलेला, त्यामुळे मला निम्मं आभाळ आणि निम्मा त्यांचा अंगठा दिसत होता. मधूनच बाबा दिसायचे, हात जोडलेले, डोक्याला उपरणं.

"बा राखणदारा म्हाराजा, सालाबादप्रमाणं तुजा मान तुज्या पायाशी ठेवलेला हाय, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका फोनच्या कानातच ओरडले.

मग खबर सुरू झाली. उत्तरेकडची दोन कलमं, माकडांनी केलेली नासधूस, काकांचा गुडघा, त्यांच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न, मुंबईतली माणसं एकेक करून. मी दारातून आत घड्याळाकडे बघत होते. म्हटलं, "बाबा, आटपा ना जरा." ते थांबले. आणि जन्मभर करत आले तेच त्यांनी केलं, वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी चिडले. लहानपणी चिडायचे तशीच. म्हटलं, "बाबा, माझं काम खोळंबलंय इथे. मी ठेवते, तुम्ही नारळ फोडा."

बाबांनी फोनच्या दिशेने बघितलं. "थांब गो. तुजाच येतंय आता."

"नंतर सांगा," म्हटलं, आणि कॉल तोडला. आत जाऊन बघते तो गोळीला अजून दहा मिनिटं होती. ती दहा मिनिटं मी भांड्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिले. पुढच्या शनिवारी बाबांनी विचारलं, आज बाई काय बोलल्या, आणि मी सांगितलं. तुमचं काय राहिलं होतं, असं मी विचारलं नाही. मग ते मागे पडलं.

त्यानंतरच्या दसऱ्याच्या आसपास आईचा फोन आला, भलत्याच वेळी. बाबा न्हाणीघराच्या पायरीवर बसलेत, उठत नाहीत, तोंड एका बाजूला गेलंय. काका त्यांना रत्नागिरीला घेऊन गेले. जीव वाचला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली.

दिवाळी उलटल्यावर मी चार आठवड्यांची रजा घेऊन घरी आले तेव्हा बाबा पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांनी डावा हात वर केला आणि तोंडातून आवाज काढला. शब्द नव्हता तो. त्यांना सगळं कळत होतं, हेच फार वाईट होतं. आई त्यांच्या आवाजांचे अर्थ लावायची आणि निम्मे चुकीचे लावायची. पाणी हवंय म्हणून तांब्या पुढे करायची आणि ते संतापून तोंड फिरवायचे. ज्या माणसाने वर्षाची खबर राखणदाराला तोंडपाठ दिली, त्याला आता खुर्ची उन्हातून सावलीत हलवा एवढंही सांगता येत नव्हतं.

आणि मला त्यांच्याजवळ बसवत नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी एवढ्या लांबून त्यांच्यासाठी आले आणि दोन चमचे पेज भरवली की मला काहीतरी आठवायचं. विहिरीचा पंप, औषधाची पट्टी, दोरीवरचे कपडे. आई म्हणायची, "दोन मिनिटं बस की त्यांच्याजवळ. काही करू नको, नुसती बस." मी बसायचे. समोर बाबा, त्यांचे डोळे माझ्यावर, आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य, थांब गो, तुजाच येतंय आता. मग मी उठायचे.

चौथ्या दिवशी सकाळी मी बूट बांधले आणि सड्यावर धावायला गेले. सडा म्हणजे गावाच्या वरचं जांभ्या दगडाचं उघडं माळरान. तिथे आडोसा म्हणून नाही, त्यामुळे धावणारं माणूस तीन वाड्यांना दिसतं. अर्धा सडा पार केला असेल तेवढ्यात गवताचा भारा घेऊन येणाऱ्या एका आजीने भारा खाली टाकला.

"कोण गेला गो?"

"कोण नाय आजी. सहज धावते."

"सहज?" आजीने कपाळाला हात लावला. "बापूस बरा हाय ना तुजा?"

"बरे आहेत."

आजीला ते पटलं नाही. मी वळसा घालून घरी पोचेपर्यंत आमच्या अंगणात पाच माणसं उभी होती, त्यांतल्या एकाच्या खांद्यावर नवा पंचा होता. काका धापा टाकत आले होते. आणि ज्यांच्यासाठी सगळे जमले होते ते पडवीत खुर्चीवर बसून चहा पीत होते. आई माझ्यावर जी उखडली ती दुपारपर्यंत बोलत होती. पण बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, खांदे हलवून, चहा सांडेपर्यंत हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. मग मी रोज धावायला जायला लागले. दुसऱ्या आठवड्यात गवतवाली आजी मला बघून, "धाव, धाव, कोण नाय गेला," असं लांबूनच ओरडायची.

माझ्या परतीला पाच दिवस उरले असताना काका विषय काढायला आले. देवदिवाळी होऊन गेली होती, राखण द्यायची होती. काका म्हणाले, "मी घालतंय दोन शब्द. काळजी नको."

बाबांनी मान हलवली. नाही.

"अरे, मग कोण घालणार?"

बाबांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं.

आई पटकन म्हणाली, "बाईमाणूस कसं घालील? आपल्यात आहे का तसं?" आमच्याकडे लहान पोरी वर गेल्या तर चालतं, पण मोठ्या बायका राखणीला उताराच्या खालीच थांबतात. आईने लग्नानंतर पस्तीस-चाळीस वर्षांत बाबांचं गाऱ्हाणं जवळून ऐकलेलं नव्हतं. काका डोकं खाजवत म्हणाले, "नाय तसा. पण बाग ह्येची, राखणदार ह्येचा. ह्यो सांगतो तर आपण कोण नाय बोलणार?" मला कुणी विचारतच नव्हतं. मी म्हटलं, मला येत नाही. अर्धंच येतं. बाबांनी कोनाड्यातला नारळ मागून घेतला, डाव्या हाताने माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटं त्याच्यावर दाबली.

दुपारी काका आणि त्यांचा नवा जावई, दोघांनी खुर्चीसकट बाबांना उचलून वर नेलं. आई या वेळी खाली थांबली नाही. पदर खोचून मागोमाग चढली. कुणी तिला अडवलं नाही.

दगडासमोर उभी राहिले तेव्हा माझे पाय हलत होते, नेहमीसारखेच. सुरुवात पाठ होती. बा राखणदारा म्हाराजा, सालाबादप्रमाणं तुजा मान तुज्या पायाशी ठेवलेला हाय. लहानपणी नारळाकडे बघत ऐकलेलं सगळं बाबांच्या बोलीत बाहेर आलं. काका आणि जावई 'व्हय म्हाराजा' म्हणत होते, आईही, दबक्या आवाजात. मग मी जिथे कॉल तोडला होता तिथे पोचले. पुढे काही नव्हतं. काजूच्या झाडावर कावळा ओरडत होता. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.

मग मला लाल टोपी आठवल्या. त्या काही पाठ करून यायच्या नाहीत. समोर बघायच्या आणि बोलायच्या. मीही समोर बघितलं.

"म्हाराजा, ह्या उताराला शेवाळ धरलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय सांभाळ. काकांच्या गुडघ्याला जप. ह्यांचा जावई नवा हाय, त्याला वळखून ठेव. माजी आई आज पयल्यांदा वर आलीये, तिला आपली म्हण. आणि माज्या बापसाची वाचा गेलीये. ती दे, नायतर आमाला त्याचं समजून घ्यायची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकांचा आवाज फाटला. आई तोंडाला पदर लावून उभी होती.

संपलं, असं वाटून मी नारळ काकांपुढे केला. बाबांनी डावा हात वर केला. थांब. आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"काय बाबा?"

त्यांनी पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं, मग काकांकडे. तोंडातून आवाज काढला. आईने विचारलं, पाणी? त्यांनी जोरात मान झटकली. काका त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग एकदम म्हणाले, "हिचा ऱ्हायला. हिचा म्हंजे तुजा."

"माझं?"

"गेल्या साली तू फोन बंद केलंस ना, तवा ह्यो थांबला. मी बोल्लो, फोडू काय नारळ? तर नको बोल्लान. आणि मग तुजा सांगितलान, तू ऐकत नव्हतीस तरी. मीच एकटा होतंय ऐकायला."

"काय सांगितलं?"

काकांनी पागोट्यासारखा बांधलेला टॉवेल काढला, हात जोडले आणि दगडाकडे तोंड केलं. त्यांना ते वर्षभर जसंच्या तसं लक्षात होतं.

"म्हाराजा, माजी एक लांब हाय. तिच्या पायाला दम नाय. तिला थांबव असा मी बोलत नाय. धावू दे. तिच्या मागं जाण्यासारका मी ऱ्हायलो नाय, म्हणून तुज्या कानावर घालतंय. ती दमली की तिला बसायला जागा दे रे म्हाराजा."

काका थांबले. बाबांनी ठेवलेली असायची तेवढीच जागा त्यांनी ठेवली. गेल्या वर्षी या जागी ते एकटे 'व्हय म्हाराजा' म्हणाले असतील. या वेळी ते गप्प राहिले. जावई गप्प राहिला, आई गप्प राहिली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बाबाही.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. वर्षभर उशिरा.

काकांनी नारळ फोडला. सगळे खोबरं घेऊन उतारावरून खाली गेले, बाबांना न्यायला परत येतो असं सांगून. मी बाबांच्या खुर्चीशेजारी कातळावर टेकले. दगड उन्हाने तापलेला होता. बाबांच्या तोंडाच्या चांगल्या बाजूला मी खोबऱ्याचा तुकडा दिला आणि ते तो सावकाश चावत राहिले. त्यांना बराच वेळ लागला. तो संपेपर्यंत मी बसून होते.